एका तोंडाच्या चौदा कवळ्या

तुमच्या तोंडात एका वेळी किती कवळ्या मावतात? हसू नका, मोजून सांगा. माझ्या मावशीच्या तोंडात एक मावते, आणि तीही जांभई देताना हाताने धरावी लागते. त्या मावशीच्या घरी दोन दिवसांत चौदा कवळ्या आल्या. वरची-खालची मिळून एक, अशा चौदा.

झालं असं. मावशीची जुनी कवळी धुताना बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. दातांच्या डॉक्टरकडे तिच्या तोंडाचं माप संगणकात होतंच. तो म्हणाला, "आजी, तुम्ही यायची गरज नाही. तशीच्या तशी बनवायला सांगतो, थेट घरी येईल." गुरुवारी दुपारी कुरियरवाला तीन खोकी घेऊन आला. मावशीला वाटलं, एकात वरची, एकात खालची आणि तिसऱ्यात काहीतरी भेट असेल. संध्याकाळी चार आली. शुक्रवारी दुपारी पुन्हा तीन. शुक्रवारी संध्याकाळी आणखी चार देताना कुरियरवाल्याला राहवेना. "आजी, दुकान टाकताय का?"

मावशीने प्रत्येक खोक्याची सही दिली. "नाही कशी म्हणू?" ती मला म्हणाली. "नाव माझंच होतं."

मी शुक्रवारी संध्याकाळी पोचले तेव्हा टेबलावर कवळ्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि सगळ्या मिळून मला दात दाखवत होत्या. मावशीने एकूण एक घालून पाहिली होती.

"चौथी झकास बसते. नववी जरा कडक आहे."

"मावशी, सगळ्या एकाच मापाच्या आहेत."

"तोंड कोणाचं आहे? तुझं की माझं?"

मी लोकांच्या तक्रारी लढवते. मला कोणी नेमलेलं नाही. कायदा मी वाचनालयातल्या बाकावर बसून शिकले आणि आवाज जन्मतःच मिळाला. शनिवारी सकाळी मी तेरा कवळ्या कापडी पिशवीत भरल्या (चौथी मावशीच्या तोंडात होती) आणि खोक्यावरच्या पत्त्यावर जाऊन थडकले.

खाली टायरचं गोदाम, वर दातांचा कारखाना. जिना चढतानाच ओल्या प्लास्टरचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो. दारातून आत गेल्यावर जे पहिलं टेबल दिसलं त्यावर मी पिशवी उलटी केली. खडखड खडखड तेरा कवळ्या.

"माझ्या मावशीला तोंड एकच आहे!"

टेबलामागे पस्तिशीची एक बाई. समोर दोन स्क्रीन, कोपराच्या घड्यांत पांढरं प्लास्टर, कितीही घासलं तरी न जाणारं. मला वाटलं ही दचकेल, उठेल, कोणाला तरी हाक मारेल. तिने एकेक कवळी उचलली, मागे कोरलेला नंबर वाचला आणि ओळीत ठेवली. तेराही नंबर एकच. मग शांतपणे म्हणाली, "ताई, चौदावी कुठंय?"

"मावशीच्या तोंडात."

"बसली?"

"बसली."

"चला, एक तरी कामाला आली," असं म्हणून तिने डोकं दोन्ही हातांत धरलं.

कारखान्यात तिला सगळे मधली म्हणतात. तीन बहिणींतली मधली म्हणून घरात पडलेलं नाव तिच्यामागे इथवर आलं. तिची गोष्ट मला त्या दिवशी तुकड्यातुकड्यांत कळली, बरीचशी ती स्वतः स्क्रीनकडे बघत बोलत होती तेव्हा. मी ती जुळवून सांगते.

मधली आठ वर्षांची असताना तिच्या आईवडिलांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं. कारण आता दोघांनाही आठवत नाही, पण अबोला सात वर्षं टिकला. थोरली अभ्यासात गुंग आणि धाकटी रांगती, म्हणून निरोपांचं काम मधलीकडे आलं. वडील पुढच्या खोलीतून म्हणत, "त्या बाईला सांग, आमटीत मीठ घालायला हात झिजतो का म्हणावं." मधली स्वयंपाकघरात जाऊन सांगे, "आई, बाबांना थोडं मीठ हवंय." आई म्हणे, "त्यांना सांग, स्वतः उठून घ्या, पाय शाबूत आहेत." मधली पुढे येऊन सांगे, "बाबा, आई म्हणते डबा फळीवर आहे." आणि बाबा उठेपर्यंत दारात उभी राही. निरोप पोचवला एवढ्याने काम होत नाही, तो ऐकला गेला की नाही हे बघून यायचं असतं, हे ती आठव्या वर्षी शिकली. सात वर्षांनी ती बाहेर कामाला लागल्यावर दोघं एकमेकांशी थेट बोलायला लागले आणि मग घरात रोज भांडणं व्हायला लागली.

ती या कारखान्यात आली ती प्लास्टरच्या खोलीत. डॉक्टरांकडून दातांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचे करायचे. नऊ वर्षं तिने लोकांची तोंडं ओतली. त्याच काळात बऱ्याचशा ठशांच्या जागी कॅमेऱ्याची मापं आली, कवळी छापणारं यंत्र आलं आणि मालकाने एकामागून एक तीन प्रोग्रॅम विकत घेतले. एक डॉक्टरांकडून ऑर्डर घेतो. दुसरा यंत्र चालवतो. तिसरा पत्ते छापून माल कुरियरला देतो. तिघं तीन वर्षांत तीन दुकानांतून आणलेले, आणि एकाला दुसऱ्याचं ओ की ठो कळत नाही. एक तारीख आधी लिहितो, दुसरा वर्ष आधी. एक दात उजवीकडून मोजतो, दुसरा डावीकडून. पहिल्यात जिला पूर्ण संच म्हणतात तिला दुसऱ्यात नुसतं अठ्ठावीस म्हणतात. मग काय, पहिल्या स्क्रीनवरचं बघून दुसऱ्यावर टायपायला माणूस बसवला. टायपणाऱ्याची डुलकी लागली की कोणाची वरची कवळी कोणाच्या खालच्या जबड्यासाठी तयार व्हायची.

यावर उपाय असतो आणि त्याला मिडलवेअर म्हणतात. हे मलाही त्या दिवशीच कळलं. तिघांच्या मधे बसणारा आणखी एक प्रोग्रॅम. एकाकडून निरोप घ्यायचा, दुसऱ्याच्या भाषेत फिरवायचा, नेऊन द्यायचा आणि पोच मिळेपर्यंत दारातून हलायचं नाही. वाचता वाचता तुम्हाला जे सुचलं तेच मधलीलाही सुचलं असणार. बाहेरच्या कंपनीचा इंजिनिअर येऊन माहिती सांगून गेला, त्या बैठकीत ती चहाचे कप गोळा करायला आत गेली होती. ऐकता ऐकता म्हणाली, "साहेब, हे मी करून बघू?"

मालक हसला. पण इंजिनिअरला यायला दोन महिने लागणार होते. मालक म्हणाला, "महिनाभर बघ. जमलं तर ही खुर्ची तुझी. नाही जमलं तर तू परत प्लास्टरमध्ये आणि इंजिनिअर इथे." मधलीने चुका करत, नेटवर बघत, लोकांना विचारत तिन्ही प्रोग्रॅम जोडले. कागदावर मात्र तिचं पद अजून 'प्लास्टर मदतनीस' असंच होतं.

मी पिशवी ओतली तो त्या महिन्याचा शेवटचा दिवस.

"काल मी साहेबांना सांगितलं," मधली म्हणाली, "दोन दिवसांत चौदा पूर्ण कवळ्या, एकही अडली नाही. साहेबांनी फळ्यावर लिहून ठेवलंय."

मी वळून पाहिलं. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चौदा! आणि खाली दोन रेघा.

"आणि तुला दिसलं नाही? चौदा वेळा एकच नाव?"

"माझ्या स्क्रीनवर नावं नसतात, ताई. निरोप गेला, पोच आली, की हिरवं. सगळं हिरवं होतं." तिने दुसरी खिडकी उघडली. "हे बघा. तुमच्या मावशीच्या मागे अकरा ऑर्डरी अडकल्यात. ह्या मी बघितल्याच नाहीत. हिरव्याकडेच बघत बसले."

एवढ्यात कोपऱ्यातल्या यंत्राने टिंग केलं. झाकण वर गेलं, ट्रे बाहेर सरकला आणि भिंतीतल्या खिडकीतून पलीकडच्या खोलीत गेला. मी धावत जाऊन वाकून पाहिलं. पंधरावी.

मधलीने यंत्र थांबवलं आणि आम्ही दोघी पलीकडच्या खोलीत शिरलो. कारखान्यात सगळे ज्यांना मामा म्हणतात ते तिथे बसतात. तयार माल तपासून पुढे सोडायचं काम मामांचं. एकतीस वर्षं तेच. समोर वही, हातात लाकडी काडी, शेजारी एक स्क्रीन आणि त्यावर एकच बटण: 'मिळालं'. मामांनी आमच्याकडे बघितलंही नाही. ते काडीचं टोक एकेका दाताला लावत होते. सहा. सात. आठ.

"मामा," मी म्हटलं, "एकाच बाईच्या पंधरा कवळ्या तुमच्या हाताखालून गेल्या. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"अकरा. बारा. बोलू नका, बाई. तेरा."

उजवीकडून डावीकडे मोजून झालं. मग कवळी खिडकीच्या उजेडात धरून रंग पाहिला. मग वहीत लिहिलं. मग चष्मा पुसून डावीकडून उजवीकडे पुन्हा. त्यानंतर त्यांनी बोटाच्या टोकाने, जणू सही करतोय अशा थाटात, बटण दाबलं.

"आता बोला."

"पंधरा कवळ्या, एकच नाव!"

"एका नावाच्या बायका असतात. आमच्या वर्गात सहा होत्या."

"आणि तोंडही सहा जणींचं एकच होतं का?"

"तोंडं बघायचं काम डॉक्टरचं. मोजायचं माझं."

मला हसावं की ओरडावं कळेना, म्हणून मी ओरडले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मधली मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"बारा मिनिटं," ती हळूच म्हणाली.

"काय बारा मिनिटं?"

"मामांना पूर्ण कवळी मोजायला बारा मिनिटं लागतात. आणि मी मधे दहाच ठेवलीत."

मग ती सांगायला लागली. मागे एकदा तयार झालेली एक दाढ दोन खोल्यांच्या मधे हरवली होती. बारा दिवसांनी ती मालकाच्या छत्रीत सापडली. तसं पुन्हा होऊ नये म्हणून मधलीने नियम घातला: यंत्र म्हणालं 'झालं', आणि दहा मिनिटांत मामांचं 'मिळालं' आलं नाही, तर वस्तू हरवली असं समजायचं आणि तोच हुकूम यंत्राला पुन्हा द्यायचा. दहा मिनिटं तिने उगाच ठरवली नव्हती. पहिले तीन आठवडे ती मामांच्या शेजारी घड्याळ घेऊन बसली होती. पण तेव्हा नेमक्या एक-एक, तीन-तीन दातांच्या ऑर्डरी आल्या. सगळ्यात जास्त वेळ लागला तो चार मिनिटं. अठ्ठावीस दात एकदम आले ते गुरुवारी, माझ्या मावशीचे. दहाव्या मिनिटाला यंत्राला वाटलं कवळी हरवली, ते दुसरी छापायला लागलं. बाराव्या मिनिटाला मामांनी पहिली पुढे सोडली. तासाभराने दुसरी आली, मामा मोजायला बसले, दहा मिनिटं झाली. असं दोन दिवस. दोघंही प्रामाणिक, दोघंही आपापल्या कामात तरबेज, आणि दोघांच्या मधे दोन मिनिटं.

मालक बाराच्या सुमारास आला. जाडजूड, घाईतला माणूस. बोलताना ओठ फार उघडत नाही. मला वाटलं हा तुसडेपणा. मी माझी ओळख दिली, पिशवी दाखवली, लेखी तक्रारीचा मसुदा तोंडी ऐकवला. त्याने फळ्यावरच्या 'चौदा!'कडे पाहिलं आणि स्वतःच्या रुमालाने तो पुसला.

"सोपं आहे," तो म्हणाला. "मामा, ट्रे आला की आधी बटण दाबायचं. मग मोजा सावकाश, हवं तर संध्याकाळपर्यंत."

"न मोजता 'मिळालं' म्हणू?"

"मिळालंच असतं ना ते! समोर असतं!"

"ट्रे मिळालेला असतो. दात मिळाले की नाही ते मोजल्यावर कळतं. एकतीस वर्षांत न मोजता सही केली नाही, आता बटण म्हणजे सहीच."

"मामा, यंत्र तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

"मी यंत्रासाठी थांबलोय का कधी?"

मालकाच्या मानेवर लाली चढली. तो मधलीकडे वळला आणि आवाज खाली आणला, पण मी तिथेच होते आणि माझे कान चांगले आहेत. "हे बघ, तुझं काम मला पटलंय. तू फक्त लिहून दे की गोंधळ मामांच्या उशिरामुळे झाला. मामांना मी पॅकिंगला बसवतो, त्यांच्या जागी पटकन बटण दाबणारा कोणीही चालेल. इंजिनिअर नको, काही नको. खुर्ची तुझी. आत्ताच."

मी तोंड उघडलंच होतं. अशा वेळी माझं तोंड आपोआप उघडतं. मधलीने माझ्याकडे न बघता हात वर केला. "ताई, थांबा जरा." मला असं कोणी सांगत नाही. सांगितलं तर मी ऐकत नाही. तरी थांबले.

"साहेब, चूक मामांची नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी त्यांना एकच बटण दिलं आणि त्यात दोन प्रश्न कोंबले. वस्तू आली का, हा एक. वस्तू बरोबर आहे का, हा दुसरा. यंत्राला पहिल्याचं उत्तर हवं होतं, मामा दुसऱ्याचं देत होते."

"म्हणजे तू कबूल करतेस की तुला जमलं नाही."

"अजून चार वाजायचेत. चार वाजता महिना संपतो."

मालक आत गेला आणि त्याने दार जरा जोरातच लावलं. मी म्हटलं, "वेडी आहेस का गं? लिहून दिलं असतंस तर..." वाक्य अर्धंच राहिलं, कारण मी काय म्हणत्येय ते माझं मलाच ऐकू आलं. आयुष्यभर मी ज्यांच्याशी भांडले तेही असंच बोलतात. मी खाली बसले आणि तेरा कवळ्या पुन्हा पिशवीत भरायला लागले. हाताला काहीतरी काम हवं होतं.

मधलीने मामांच्या स्क्रीनवर दोन बटणं केली. पहिलं 'आलं', दुसरं 'तपासलं'. 'आलं' दाबलं की यंत्राने गप्प बसायचं. 'तपासलं' दाबल्याशिवाय कुरियरला काही द्यायचं नाही. आणि तिसरी गोष्ट, जी तिच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या दिवशीच करायला हवी होती: एकाच नंबरचा हुकूम दुसऱ्यांदा आला तर छापायचं नाही, घंटा वाजवून माणसाला विचारायचं.

मामांना 'आलं' समजावताना अर्धा तास गेला.

"म्हणजे ट्रे आला एवढंच म्हणायचं?"

"एवढंच."

"आत काय आहे त्याची जबाबदारी नाही?"

"बिलकूल नाही, मामा."

"मग त्याला सही म्हणत नाहीत."

"नाहीच ती सही. तुम्ही दाराची कडी वाजल्यावर 'कोण आहे' म्हणता ना, तेवढंच."

मामांनी विचार केला. "कोण आहे म्हणायला हरकत नाही," ते म्हणाले.

अडीच वाजता मधली मालकाच्या दारात गेली. चाचणीसाठी पूर्ण कवळीचं माप हवं होतं. अठ्ठावीस दातांची मापं साठवलेली दोनच होती. एक माझ्या मावशीचं.

"ते नको!" मी बाहेरूनच ओरडले.

"दुसरं आहे," मधली म्हणाली, "पण साहेब..."

"पण काय? घे ना दुसरं!"

"साहेब, नक्की?"

"मी सांगतोय ना! वेळ घालवू नकोस!"

तिने तोच हुकूम मुद्दाम पाच वेळा पाठवला. पहिल्यानंतर चार वेळा घंटा वाजली आणि यंत्र एकच कवळी छापायला लागलं. साडेतीनच्या सुमाराला टिंग झालं. तोवर प्लास्टरच्या खोलीतल्या बायका, पॅकिंगवाले, सगळे मामांच्या खोलीच्या दारात जमले होते. मालक घड्याळ बघत सगळ्यांच्या पुढे. ट्रे खिडकीतून आला. मामांनी 'आलं' दाबलं, जरा नाक मुरडूनच, आणि रिवाजाप्रमाणे ट्रेवरच्या चिठ्ठीतलं नाव खणखणीत वाचलं.

नाव मालकाचं होतं.

मालकाचा हात आपोआप तोंडावर गेला. तो ओठ का उघडत नाही ते माझ्यासकट वीस माणसांना एका क्षणात कळलं. प्लास्टरवाल्या एका बाईने खोकल्याचा बहाणा केला, तो दुसरीला लागला, तो तिसरीला.

"बघण्यासारखं काही नाही," मालक बोटांमधून म्हणाला. "कामाला लागा." कोणी हललं नाही.

मामा मोजायला लागले. सहा मिनिटं. आठ. मधली यंत्राकडे टक लावून. नऊ. दहा. आणि दहावं मिनिट उलटताच यंत्र गुरगुरलं आणि सुरू झालं.

"गेलं!" मालक ओरडला. "पुन्हा छापतंय! माझी दुसरी छापतंय!"

मधली धावत जाऊन स्क्रीनवर वाकली. मी तिचा चेहरा बघत होते. मग ती खुर्चीत टेकली.

"नाही, साहेब. ही एक दाढ आहे. अडकलेल्या अकरातली पहिली. यंत्र थंड झालं आणि रांग पुढे सरकली."

तेवढ्यात मामांचा आवाज आला. "सत्तावीस."

"अठ्ठावीस असतील, नीट बघा," मालक म्हणाला.

"तोंड तुमचं, मोजणी माझी." मामांनी चष्मा पुसला आणि उलट्या बाजूने पुन्हा काडी फिरवली. "सत्तावीस, आणि एक नुसता उंचवटा. डावीकडे मागून दुसरी दाढ अर्धीच उतरलीय."

मालकाने कवळी हातात घेतली. वळवून वळवून पाहिली. उंचवटाच होता. मामांनी 'तपासलं' दाबलं नाही, आणि पलीकडच्या तिसऱ्या प्रोग्रॅमने पत्ता छापला नाही. कुरियरवाला दारात रिकाम्या हाताने उभा राहिला.

"आधी बटण दाबून मोकळा झालो असतो," मामा म्हणाले, "तर ही आज तुमच्या घरी असती. आणि उद्यापासून तुम्ही एकाच बाजूने जेवला असतात."

मालकाला त्या दिवशी पहिल्यांदाच हसू आलं. हात बाजूला झाला आणि आम्हा सगळ्यांना त्याचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिसले. "चालू ठेव," तो मधलीला म्हणाला आणि जायला वळला.

माणूस इथे धन्यवाद म्हणून बसतो. मधली नाही बसली. तिने खणातून एक कागद काढला. त्यावर लिहिलेलं होतं की अमुक तारखेपासून तिचं पद प्लास्टर मदतनीस नसून तिन्ही प्रोग्रॅमच्या जोडणीची जबाबदारी तिच्याकडे आहे. तीन दिवसांपूर्वीच लिहून ठेवला होता म्हणे.

"ठेव टेबलावर, बघतो," मालक म्हणाला.

'बघतो' हा शब्द ऐकला की माझं रक्त उकळतं. माझ्या कपाटात 'बघतो'च्या फायली आहेत. मी पुढे सरसावले. मधलीने पुन्हा हात वर केला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, नुसतं 'आलं' असं तरी लिहून द्या. 'तपासलं' सोमवारी चालेल."

मालकाने लिहून दिलं. मामांनी तारीख दोनदा तपासली.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी मालक बाहेरगावी. बुधवारी मधली रोजच्यासारखी कामावर आली, अकराही ऑर्डरी एव्हाना पोचवून झाल्या होत्या, आणि दर तासाला ती मालकाच्या दारात जाऊन उभी राहत होती. बोलत काही नव्हती. नुसती उभी. गुरुवारी सकाळी सही झालेला कागद मिळाला. पद मिळालं, पण खाली एक ओळ जोडलेली: सहा महिने चाचणी म्हणून. मी फोनवर तडकले. म्हटलं, ही लबाडी आहे, मी येते. ती म्हणाली, "ताई, नऊ वर्षं मी मदतनीस होते. सहा महिने मला पुरतात. तुम्ही बाकीच्या कवळ्यांचं काय केलंत ते सांगा."

त्या मी परत केल्या. बारा. एक मावशीने ठेवून घेतली, पाहुणे आले तर घालायला.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही जिथे काम करता तिथे कोणीतरी असं असेलच, जिच्यामुळे या खोलीतलं त्या खोलीत बिनचूक पोचतं आणि जिच्या कागदावर भलतंच काहीतरी लिहिलेलं आहे. हे वाचून झालं की उठा, तिच्या टेबलापाशी जा आणि विचारा, "तुमच्या कागदावर तुमचं पद काय लिहिलंय?" आणि कृपा करून, ती खरं उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.